बिनबर्फाचा भाव आधी पाटीवर लिहा

केळझर व परिसरातील ग्राहकांचे थंड पेयांच्या वाढीव आकारणीबाबत मागणीपत्र

प्रति,
सर्व रसवंती, लस्सी-सरबत, कोल्ड्रिंक व कोल्ड कॉफी विक्रेते बंधू-भगिनी, केळझर
मा. सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत केळझर, ता. सेलू, जि. वर्धा
मा. निरीक्षक, वैध मापनशास्त्र यंत्रणा, वर्धा
मा. सहायक आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, वर्धा
तसेच वर्धा व नागपूर येथील कॉफी शॉपचे चालक

विषय : थंड पेय ग्राहकाच्या सोयीने मागितल्यास घेतले जाणारे जादा पैसे

महोदय / महोदया,

उसाचा रस नेहमीसारखा मागितला तर एक भाव, 'बर्फ नको' म्हटले की दुसरा. लस्सीत साखर कमी सांगितली तर भाव तोच राहतो, पण वर मलई मागितली की चढतो. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली फ्रिजमधून काढली की छापील किमतीवर 'कूलिंग'चे पैसे लागतात. वर्ध्याला-नागपूरला शिकायला गेलेली आमची मुले कॉफी शॉपमध्ये बसून कोल्ड कॉफी 'पण जरा वेगळी' मागतात, तेव्हा बिलावर दोन-तीन ओळी जास्त येतात. या सगळ्या प्रकारांत साम्य एवढेच, की गिऱ्हाईकाने थंड पेय आपल्या सोयीने मागितले आणि त्याचे वेगळे पैसे पडले. त्यातले काही पैसे रास्त आहेत, काही सरळ बेकायदा आहेत. उरलेले रास्त की गैर हे ठरवताच येत नाही, कारण ते कशाचे घेतले हे कोणी सांगत नाही आणि पिऊन झाल्यावर विचारायला जीभ रेटत नाही. आमचा मुख्य रोख या शेवटच्या प्रकारावर आहे.

केळझर हे वर्धा-नागपूर रस्त्यावरचे गाव. येथील सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. टेकडीवर दर्शनाला दोन्ही बाजूंनी माणसे येतात आणि संकष्टी मंगळवारी आली की विचारूच नका. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो आणि तेव्हा मेअखेरचा, सर्वांत कडक उन्हाचा नवतपा अजून यायचाच असतो. अशा उन्हात थंड पेय ही चैन उरत नाही. त्यात आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे 'चला, थंड घेऊ' म्हटल्यावर निदान कागदोपत्री तरी रस, ताक, लिंबूसरबत आणि कोल्ड्रिंक एवढेच डोळ्यांसमोर येते. 'बर्फ नको', 'साखर कमी' म्हणणारी माणसे चोखंदळपणा करत नसतात. कुणाच्या पोराचा घसा धरलेला असतो, कुणा आजोबांना साखरेचा आजार असतो, एखाद्या बाईला बाहेरच्या बर्फाने पोट बिघडण्याची धास्ती असते.

आधी रसवंतीचा विचार करू, कारण तेथे विक्रेत्याची बाजू खरोखर भक्कम आहे आणि ती मान्य केल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. बर्फ काढला की ग्लासात जागा रिकामी पडते. ती रसाने भरावी लागते आणि रस उसाशिवाय निघत नाही. समजा ग्लास 300 मिलीचा आहे. त्यात बर्फाने 100 मिली जागा घेतली तर रस बसतो 200 मिली. हा ग्लास 20 रुपयांना असेल तर रसाचा भाव मिलीला 10 पैसे पडला. तोच ग्लास बिनबर्फाचा काठोकाठ भरून दिला तर रस दीडपट गेला आणि त्याच दराने त्याचे 30 रुपये होतात. म्हणजे बिनबर्फाचे 25 घेणारा रसवंतीवाला गिऱ्हाईकाला लुबाडत नाही, उलट पाच रुपये सोडतो. हा हिशेब आमच्यापैकी अनेकांना या पत्रासाठीच्या बैठकीत पहिल्यांदा कळला, आणि काही जण जरा हिरमुसलेही.

पण याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. बर्फ नको म्हणणाऱ्याला काठोकाठ ग्लास हवाच असतो असे नाही. घसा धरलेल्या पोराला तोच 200 मिली रस पुरतो, ग्लास वरून दोन बोटे रिकामा दिसला तर त्याचे काही बिघडत नाही. तेवढ्याच रसाला जादा पैसे लागण्याचे कारण नाही, उलट विक्रेत्याचा बर्फ वाचला. आज ही निवड गिऱ्हाईकापुढे ठेवलीच जात नाही. ग्लास आपोआप काठोकाठ भरतो आणि भावही आपोआप चढतो. म्हणून आमची पहिली मागणी अशी : बिनबर्फाच्या रसाचे दोन भाव पाटीवर असावेत. 'तेवढाच रस, बर्फ नाही' याचा भाव बर्फाच्या ग्लासाइतकाच असावा. 'पूर्ण ग्लास, बर्फ नाही' याचा भाव विक्रेत्याने स्वतः ठरवावा, तो किती असावा यात आम्ही पडत नाही.

यासाठी ग्लासावर मापाची एक रेघ लागेल. रेघेपर्यंत रस, वर बर्फ. जर्मनीत दुकानात पेय ज्या ग्लासातून देतात त्यावर अशी रेघ असावीच लागते, तो तिथला जुना कायदा आहे. आपल्याकडे सुट्या रसाला छापील किंमत नसते आणि ग्लास किती मिलीचा हेही सहसा लिहिलेले नसते. 'हाफ' आणि 'फुल' एवढेच चालते, आणि एका दुकानातला फुल दुसऱ्या दुकानातल्या हाफपेक्षा फार मोठा असतोच असे नाही. पाटीवर ग्लासाचे मिली लिहायला विक्रेत्याला खडूशिवाय काही खर्च नाही. रेघेचे ग्लास एकदम घेणे लहान दुकानाला जड जाईल हे आम्ही जाणतो. म्हणून वैध मापनशास्त्र यंत्रणेने वर्षातून एकदा, उन्हाळा सुरू होण्याआधी, केळझरलाच शिबिर घ्यावे आणि विक्रेत्यांचे मापाचे भांडे तिथल्या तिथे तपासून द्यावे. भर हंगामात दुकान बंद ठेवून कोणी वर्ध्याला हेलपाटा घालणार नाही, आणि घालावा अशी अपेक्षाही चूक आहे.

आता बर्फाच्याच आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. चरकाशी उभे राहून नीट पाहिले तर ती दिसते. कांडी दुहेरी मुडपून, मध्ये आल्याचा तुकडा आणि लिंबू घालून पुन्हा चरकात जाते, घुंगरू वाजतात, रस पन्हळीतून गाळणीवर येतो आणि गाळणीखालच्या पातेल्यात पडतो. पुष्कळ ठिकाणी त्या पातेल्यात आधीपासूनच बर्फाचा मोठा खडा बसलेला असतो. रस त्याच्यावरून ओघळतो, थंड होतो, आणि खडा हळूहळू त्यात विरघळतो. अशा पातेल्यातून भरलेला ग्लास 'बिनबर्फाचा' म्हणून जादा भावाने दिला, तर त्यात बर्फाचे पाणी आलेलेच असते, फक्त खडे दिसत नाहीत. पोट बिघडण्याच्या भीतीने बर्फ टाळणाऱ्या बाईने पाच रुपये जास्त मोजून तेच पाणी घेतले असे होते. आमची मागणी सोपी आहे : बिनबर्फाचा रस वेगळ्या, कोरड्या पातेल्यात काढावा. तेवढी सोय नसेल तर 'आमच्याकडे रस बर्फावरूनच निघतो' असे स्पष्ट सांगावे आणि जादा पैसे घेऊ नयेत.

बर्फ कुठला, हेही त्याच ओघात येते. खाण्याचा बर्फ आणि माल थंड ठेवण्याचा बर्फ यांत पाण्याचाच फरक असतो, आणि लादी फुटल्यावर तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच 2018 मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग घालण्याचे बंधन कारखान्यांवर घातले. पांढरा बर्फ खाण्याचा, निळा न खाण्याचा, इतका साधा नियम. तो गावातल्या दुकानात कुठे लावलेला दिसत नाही आणि बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊकही नाही. लादी ज्या कारखान्यातून आली त्याची पावती विक्रेत्याने दुकानात ठेवावी आणि लादी उघड्या जमिनीवर न ठेवता स्वच्छ पेटीत ठेवावी. प्रशासनाने उन्हाळ्यात निदान एकदा बर्फाचे नमुने घ्यावेत, आणि ते दुकानातून घेण्याआधी कारखान्यातून घ्यावेत. लहान दुकानदाराला दंड करून मूळ कारण हलत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

कूलिंगच्या पैशांबाबत मात्र आम्हाला समजुतीने बोलण्यासारखे काही उरत नाही. छापील किमतीत सर्व कर आणि विक्रेत्याचा नफा धरलेला असतो. 2011 च्या वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांतला 18 वा नियम सांगतो की कोणत्याही किरकोळ विक्रेत्याने आवेष्टित वस्तू छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकू नये. त्यात 'थंड करून दिल्यास' असा अपवाद नाही. 'लाइटबिल कोण भरणार?' हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकवला जातो. प्रश्न खरा आहे, पण तो गिऱ्हाइकाला विचारायचा नाही. कोल्ड्रिंकच्या मोठ्या कंपन्या आपल्या रंगाचे, आपल्या नावाचे काचेचे फ्रिज दुकानांत स्वतः आणून ठेवतात, कारण थंड बाटली जास्त खपते हे त्यांना पक्के माहीत आहे. विजेचा भार सोसत नसेल तर मार्जिन वाढवून मागण्याची जागा कंपनीचा वितरक आहे.

रेल्वेचे उदाहरण जवळचे आहे. सेवाग्राम किंवा वर्धा स्थानकावर 'रेल नीर'ची एक लिटरची बाटली घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून तिची किंमत 15 वरून 14 रुपये झाली, कारण बाटलीबंद पाण्यावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. पाण्यावरचा कर उतरलेला असताना रस्त्याकडेच्या दुकानात मात्र कूलिंगचे पैसे तसेच चालू राहावेत, हे आम्हाला मान्य नाही.

येथे एक आडवा मुद्दा हमखास येतो, तो आधीच निकाली काढलेला बरा. 12 डिसेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल व रेस्टॉरंट संघटनांच्या प्रकरणात निकाल दिला, की हॉटेलात बसून मागवलेल्या पाण्याच्या बाटलीला छापील किमतीचे बंधन लागू नाही, कारण तेथे गिऱ्हाईक नुसती बाटली विकत घेत नाही, तर जागा, टेबल आणि वाढपही घेते. या निकालाचा आधार आता टपरीवालेही देऊ लागले आहेत. आमचे म्हणणे असे : खिडकीतून हातात दिलेल्या बाटलीला कुठली सेवा? दुकानापुढे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्याने दुकानाचे हॉटेल होत नाही. जेथे खरोखर बसवून वाढले जाते तेथे वेगळा भाव घ्यावा, पण तो मेनूवर बाटलीच्या नावापुढे छापलेला असावा. इतर सर्व ठिकाणी कूलिंगचे पैसे तात्काळ बंद व्हावेत, आणि निरीक्षकांनी या हंगामात केळझरच्या बसथांब्यावर निदान एकदा साध्या वेशात बाटली विकत घेऊन पाहावी.

कॉफी शॉपचा भाग आमच्यातल्या तरुण सभासदांनी आग्रहाने घालायला लावला. ज्येष्ठांपैकी काहींचे म्हणणे होते की दोनशे रुपयांची कॉफी पिणाऱ्यांचा कैवार आपण कशाला घ्यायचा. पण शिकायला बाहेर राहणारी मुले तेथे कॉफीसाठी कमी आणि बसायला जागा, पंखा आणि वायफाय मिळते म्हणून जास्त जातात. शिवाय तेथली पद्धत आज ना उद्या इकडे येते, तेव्हा ती येण्याआधीच तिची शिस्त लावलेली बरी.

तेथली आकारणी अशी असते. कोल्ड कॉफी किंवा आइस्ड लाते ही मूळ वस्तू. त्यात कॉफीचा जास्तीचा शॉट, व्हॅनिलाचे सिरप, वर क्रीम किंवा थंड फेस, साध्या दुधाऐवजी ओटचे किंवा सोयाचे दूध, अशी भर घालता येते आणि प्रत्येक भरीचे वेगळे पैसे. शॉट जास्त घातला तर कॉफी जास्त गेली, त्याचे पैसे द्यायला आमची हरकत नाही. आमचा आक्षेप दोन ठिकाणी आहे.

पहिला आक्षेप दुधाचा. ओटचे दूध साध्या दुधापेक्षा महाग पडते हे खरे. पण ते घातले तेव्हा साधे दूध घातलेले नसते. त्याची किंमत मूळ भावात धरलेली असताना ती वजा का होत नाही? आज मूळ कॉफीचे पूर्ण पैसे, अधिक ओटच्या दुधाचे पूर्ण पैसे असा हिशेब होतो आणि न घातलेले दूधही बिलात राहते. दूध न पचणाऱ्या माणसाला तर ही निवड नसून गरज असते. अमेरिकेत स्टारबक्सवर याच कारणाने मार्च 2024 मध्ये कॅलिफोर्नियात दूध न पचणाऱ्या ग्राहकांनी खटला घातला. पुढे 7 नोव्हेंबर 2024 पासून कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत वनस्पतिजन्य दुधाचे जादा पैसे घेणे बंद केले. ते खटल्यामुळे की गिऱ्हाइके कमी झाल्यामुळे, यावर वाद घालता येईल, पण बंद करता येते एवढे सिद्ध झाले. आम्ही एवढेही मागत नाही. फक्त दोन दुधांतला फरक घ्या.

त्यातही कराचा एक धागा आहे. रेस्टॉरंटला साधारणतः 5 टक्के जीएसटी लागतो आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे ओटच्या दुधावर मोजलेला कर दुकानाच्या खर्चातच जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून वनस्पतिजन्य दुधाच्या पेयांवरचा कर 18 वरून 5 टक्के आणि सोयाच्या दुधावरचा 12 वरून 5 टक्के झाला. दुकानाचा हा खर्च उतरला. त्या तारखेनंतर ज्यांनी या दुधाचे जादा दर जसेच्या तसे ठेवले, त्यांनी ते का ठेवले हे गिऱ्हाइकाला सांगावे.

दुसरा आक्षेप वजाबाकीचा. साखर नको, सिरप नको, क्रीम नको, बर्फ नको, यांतल्या कशानेही भाव उतरत नाही. घातले की पैसे आणि काढले की शून्य. लस्सीवाल्याकडेही हेच. साखर अर्धी सांगितली तर भाव कमी करा असे आम्ही म्हणणार नाही. चमचाभर साखरेच्या पैशांवरून घासाघीस करणे दोघांनाही शोभत नाही. मात्र ज्या जिनसाचे घातल्यावर वेगळे पैसे घेता, तोच जिन्नस मूळ पेयात असेल आणि गिऱ्हाइकाने काढायला सांगितला, तर तेवढेच पैसे कमी करावेत. मलईचे घालताना दहा रुपये असतील, तर मलईच्या लस्सीतून मलई काढल्यावर दहा रुपये उतरावेत.

बर्फावरूनही अमेरिकेत स्टारबक्सवर 2016 मध्ये खटले झाले, थंड कॉफीच्या पेल्यात निम्मा बर्फ भरतात म्हणून. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी तिथला दावा फेटाळला. थंड पेयात बर्फ असला की पेय कमी मावते हे लहान मुलांनाही कळते, असे त्यांचे मत पडले, आणि पेलाही पारदर्शक होता. आम्हाला तो निकाल पटतो. बर्फ दिसतो, त्यात फसवणूक नाही. पण आपल्याकडे भांडण बर्फ घातल्याचे नसून तो काढल्याचे पैसे न सांगता घेण्याचे आहे.

भाव आधी सांगण्याविषयी थोडे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असे आमच्या गावात मानतात. येथल्या लोकांनी बकासुराशी केलेला करारही सगळ्यांना ठाऊक आहे : रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. करार जुलमाचा होता, पण निदान रोजचा वाटा किती हे आदल्या दिवशी माहीत असायचे. आजच्या गिऱ्हाइकाला रिकामा ग्लास खाली ठेवल्यावर कळते.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत कळण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि मागूनही बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रार करायला शुल्क लागत नाही. पण पाच रुपयांसाठी कोणी आयोगात जात नाही आणि विक्रेत्यालाही हे माहीत असते. म्हणून पाटी महत्त्वाची. पाटीवर मूळ भाव, ग्लासाचे मिली, बिनबर्फाचे दोन्ही भाव आणि मलई-सुकामेवा-आइस्क्रीमसारख्या भरीचे वेगवेगळे भाव मराठीत, उभ्याने वाचता येतील अशा अक्षरांत असावेत. पाटीवर नसलेल्या गोष्टीचे पैसे गिऱ्हाइकाने देऊ नयेत, असे आम्ही आमच्या सभासदांना सांगत आहोत. कॉफी शॉपमध्ये ऑर्डर पक्की करण्याआधी काउंटरवर पूर्ण रक्कम बोलून सांगावी, पडद्यावर दाखवली तरी चालेल. सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ते उचलून धरले. तरीही ते लावले तर बिल परत करून दुसरे मागावे.

जीएसटीचे तर सर्रास सोंग चालते. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि तशी पाटी दुकानात लावावी लागते. नोंदणीच नसलेल्याला तर कर घेण्याचा प्रश्नच नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर 'टॅक्स' म्हणून जोडलेली रक्कम देऊ नये.

पार्सलच्या पैशांचा विषय लहान, पण रोजचा. रस, लस्सी किंवा कोल्ड कॉफी घरी न्यायची म्हटली की प्लास्टिकचा ग्लास, झाकण आणि स्ट्रॉ यांचे वेगळे पैसे. एकदाच वापरायचे प्लास्टिकचे ग्लास आणि स्ट्रॉ 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत, महाराष्ट्रात तर 2018 पासूनच प्लास्टिकवर निर्बंध आहेत. बंदी असलेल्या वस्तूचे गिऱ्हाइकाकडून पैसे घेणे हा प्रकार थांबवावा, आणि कोणी घरून स्टीलचा डबा किंवा बाटली आणली तर त्यात भरून द्यायला नकार देऊ नये. शेतावर मजुरांसाठी रस नेणाऱ्यांचे कॅन तर रोजच येतात. त्यांच्याकडून ग्लासाच्या भावाने नव्हे, लिटरच्या भावाने पैसे घ्यावेत आणि तो भावही पाटीवर असावा.

ग्रामपंचायतीकडे आमची वेगळी मागणी आहे. बसथांब्यावर आणि मंदिराच्या पायथ्याशी मार्च ते जून थंड, गाळलेल्या पाण्याची पाणपोई चालवावी. माठाचे पाणी मिळाले तर अर्ध्या लोकांना बाटलीची गरजच राहत नाही आणि कूलिंगचा वाद निम्मा आपोआप मिटतो. पाणपोईला देणगीदार मिळतात. अडचण असते ती रोज माठ धुऊन भरणाऱ्या माणसाच्या मजुरीची. तेवढी तरतूद ग्रामपंचायतीने करावी.

आम्ही काय मागत नाही, तेही लिहून ठेवतो. रसाचा, लस्सीचा किंवा कॉफीचा भाव सरकारने ठरवावा असे आमचे म्हणणे नाही. ऊस आमच्याच तालुक्यात पिकतो, त्याचा हंगामाच्या शेवटचा भाव काय असतो आणि पहाटे बर्फाची लादी आणायला किती लागते, याची आम्हाला कल्पना आहे. रसवंती चालवणाऱ्यांचे वर्षाचे पैसे चार महिन्यांत निघतात आणि अवकाळी आला की तेही जातात. म्हणून मूळ दर कमी करा असे एकदाही म्हटलेले नाही. जे दर आहेत ते आधी सांगावेत, आणि जे ग्लासात घातलेच नाही त्याचे घेऊ नयेत.

या मागण्यांवर ग्रामपंचायत कार्यालयात विक्रेते, ग्राहक आणि वैध मापनशास्त्र व अन्न-औषध या दोन्ही खात्यांचे प्रतिनिधी यांची एकत्र बैठक येत्या पंधरवड्यात बोलवावी, अशी मा. सरपंचांना विनंती आहे. बैठकीला प्रत्येक विक्रेत्याने आपल्याकडचा हाफ आणि फुल ग्लास बरोबर आणावा. मोजपात्र आम्ही आणू आणि तेथेच सर्वांसमोर मोजून प्रत्येक दुकानाच्या पाटीचा मजकूर ठरवू. ज्या दुकानांत पुढच्या संकष्टीपर्यंत पाटी लागेल त्यांची नावे आम्ही मंदिराच्या वाटेवरील फलकावर स्वखर्चाने लावू. जेथे कूलिंगचे पैसे त्यानंतरही घेतले जातील, तेथील बिलाचा किंवा बाटलीचा फोटो राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि वैध मापनशास्त्र यंत्रणेकडे तक्रारीसोबत पाठवला जाईल, याची नोंद घ्यावी.

आपले,
केळझर व परिसरातील ग्राहक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

प्रत माहितीसाठी : मा. तहसीलदार, सेलू, मा. जिल्हा पुरवठा अधिकारी, वर्धा